‘सुटला, म्हणजे केस खोटी’?

तर्कबुद्धीच्या परीक्षेत एक ठरावीक प्रश्न असतो : कोणत्या विधानामुळे हा युक्तिवाद कमकुवत होतो? पुरावा नाकारायचा नसतो. त्याच पुराव्यामागे दुसरे कारण असू शकते, एवढेच दाखवायचे.

४९८-अ चेच पाहा. १९८३ साली कलम आले, जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले. टोमणा मात्र तोच. बहुतेक आरोपी सुटतात, म्हणजे बायका खोट्या केसेस करतात! सुटतात हे खरेच. पण का? छळ चार भिंतींत होतो, पाहणारे सासरचेच. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, माहेरचे थकतात. शिवाय मूळ कायद्यात हा गुन्हा आपसात मिटवायची सोय नाही. त्यामुळे फारकत, पोटगी, दागिने यांवर तडजोड झाली की एक तर हायकोर्टातून केस रद्द करून घ्यायची, नाहीतर बाईने पिंजऱ्यात उभे राहून ‘काही घडलेच नाही’ म्हणायचे. बहुधा पैसे हाती पडण्याची ती अटच असते. कागदावर उरते ‘निर्दोष’. (पोलिसांच्या आकडेवारीत ‘खोटी तक्रार’ हा रकाना वेगळा असतो. तो कोण वाचतो?)

म्हणून प्रत्येक तक्रार खरी ठरते का? नाही, आणि तसे म्हणायची आपल्याला गरजही नाही. सुटकेवरून खोटेपणा सिद्ध होत नाही, एवढे पुरे.

आणि मैत्रिणींनो, ‘तक्रारी वाढल्या, म्हणजे अत्याचार वाढले’ असे मोर्च्याच्या पत्रकात घालण्याआधी हाच प्रश्न तिथेही विचारू या. कदाचित बायका बोलू लागल्या असतील.