मालक कुठंयत?



गेल्या दिवाळीनंतर आम्ही तिघीजणी सोमेश्वरनगरहून एस.टी.ने बारामतीला गेलो. काम एकच होतं. आमच्या गटाच्या सुतारकामासाठी बॅटरीवरचं ड्रिल आणि स्क्रू पिळायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यायचा. हत्यारांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न आला, "मालक कुठंयत?"

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्याचा अर्थ कुणाला ऐकूच येत नाही. त्या दिवशी मला तो ऐकू आला. मी म्हटलं, "मालक आम्हीच. बिल गटाच्या नावावर करायचंय." दुकानदार हसला. मग आमच्यामागे उभ्या असलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघत तो हत्याराची माहिती सांगू लागला. तो पुरुष होता, एवढंच त्याचं क्वालिफिकेशन!

दुकानदार अडाणी म्हणून हे सोडून देता येत नाही. आमच्या साखर कारखान्याच्या परिसरात दर हंगामात बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक 'कोयता' धरतात. माणसं दोन, मोजणी एका हत्याराची, आणि मुकादमाची उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, कोपीवर येऊन भाकरी थापते. पण हिशेबाच्या वहीत ती कोयत्याच्या आड नाहीशी होते.

नांगराला बाईने हात लावू नये, कुंभाराच्या चाकाला लावू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. खुरप्याला मात्र कुणाची हरकत नव्हती. ज्या हत्याराने काम भरभर होतं आणि मजुरी वाढते, त्याला बाईचा विटाळ. ज्याने दिवसभर वाकून कंबर मोडते, ते मात्र तिच्या हक्काचं! सुतारकाम करणाऱ्या बाईला आपल्या भाषेत शब्दसुद्धा नाही. 'सुतारीण' म्हणजे सुताराची बायको. तिने रंधा मारला काय, पॉलिश केलं काय, ती बायकोच.

आमचा गट आठजणींचा. शेळ्यांच्या गव्हाणी, कोंबड्यांची खुराडी, चौरंग, शाळेच्या बाकांची दुरुस्ती अशी कामं आम्ही करतो. सुरुवातीला ड्रिल उसनं आणायचो. उसन्या ड्रिलबरोबर त्याचा धनीही यायचा. "तुम्ही फळी धरा, मी भोक पाडतो," म्हणायचा. आम्ही दिवसभर फळ्या धरायच्या, त्याने अर्धा तास भोकं पाडायची, आणि गावात नाव व्हायचं की बाक त्याने केला. मजुरीही त्याची दुप्पट. का, तर तो 'मशीन चालवतो'! त्याच दिवशी ठरवलं की पहिल्या नफ्यातून हत्यार घ्यायचं.

आता थोडं आपल्या घरातलं भांडण. चळवळीतल्या एका ताईंनी मला विचारलं, "बाजारातली महागडी यंत्रं कशाला? बायांचे प्रश्न काय कमी आहेत?" मी त्यांना उलट विचारते. बचत गट म्हटलं की पापड, लोणची, शिलाई, हेच प्रशिक्षण आपण किती वर्षं देत राहणार? घरात फुकट करायचं तेच काम बाजारात कवडीमोलाने करायचं, आणि त्याला आपण सक्षमीकरण म्हणायचं? सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडलो. 1994 साली महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणारी कायद्यातली दुरुस्तीही झाली. मग हत्याराच्या मालकीवर आपण गप्प का? जिच्याकडे जमीन नाही, तिच्याजवळ हात आणि हत्यार एवढंच असतं.

म्हणून या हत्यारांची माहिती आपण स्वतः करून घ्यायला हवी. माहिती नसली की 'मालक' बोलवावा लागतो.

ड्रिलचं काम भोक पाडणं. त्याच्या चकात गोल बिट बसतं, आणि मागच्या कड्यावर आकडे असतात. तो क्लच. ठरावीक जोर आला की तो सुटतो, म्हणून हलक्या लाकडात स्क्रू खोल रुतत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच सहसा नसतो. त्याच्या तोंडाशी पाव इंची षटकोनी खाच असते, आणि स्क्रू अडला की आतला हातोडा फिरण्याच्याच दिशेने भराभर ठोके देतो. त्यामुळे लांब स्क्रू सरळ आत जातो आणि बिट स्क्रूच्या डोक्यावरून सहसा घसरत नाही.

आता गंमत बघा. "बायांच्या मनगटाला झेपायचं नाही," असं सांगतात ते याच हत्याराबद्दल. खरं तर अडलेलं ड्रिल मनगट पिळवटतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर ठोक्यांनी काम करतो, म्हणून त्याचा उलटा पीळ हाताला फारच कमी बसतो. 12 व्होल्टच्या चांगल्या ड्रिलचा पिळाचा जोर साधारण 30 न्यूटन-मीटर असतो, तर तशाच बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरचा 100 च्या आसपास. जोर मशीनमध्ये आहे, मिशीत नाही.

दुकानात आणखी एक गफलत होते. 'इम्पॅक्ट' मागितलं की 'इम्पॅक्ट ड्रिल' पुढे करतात. ते भिंतीला भोकं पाडायचं. त्याचे ठोके पुढच्या दिशेने बसतात आणि लाकडात त्यांचा काही उपयोग नाही. आम्हालाही आधी तेच दाखवलं. दुसरी गफलत व्होल्टची. 18 आणि 20 अशी दोन नावं दिसतात, पण बॅटरीत तीच पाच सेल असतात. प्रत्येकी 3.6 व्होल्ट धरले की 18, पूर्ण भरल्यावरचे मोजले की 20. आकड्याचे जादा पैसे देऊ नका.

आम्ही 12 व्होल्टची जोडी घेतली. खुराडी, गव्हाणी, बाक यांना ती पुरते, आणि बॅटरीसकट एकेक हत्यार किलोभराच्या आसपास असल्याने हात वर करून काम करता येतं. जाड वासे, दारांच्या चौकटी करायच्या असतील तर 18 घ्या. हलकं घेण्यात कमीपणा नाही आणि जड घेण्यात मर्दुमकी नाही. मात्र 'लेडीज' म्हणून गुलाबी रंगाचं खेळणं दाखवलं तर परत करा. मूठ हातात धरून बघा, बोट खटक्यापर्यंत नीट पोचतं का ते बघा. दोन्ही हत्यारं एकाच कंपनीची घ्या, कारण एकीची बॅटरी दुसरीला बसत नाही. बॅटऱ्या दोन हव्यातच. गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून एक कामात आणि एक चार्जिंगला. परवडलं तर ब्रशलेस मोटर घ्या. तिच्यात झिजणारे कार्बन नसतात. आणि ज्यांचं काम एकाच जागी चालतं, वीज भरवशाची आहे, त्यांनी सरळ वायरचं ड्रिल घ्यावं. ते स्वस्त पडतं. आमचं काम गोठ्यात आणि शाळेच्या व्हरांड्यात, म्हणून आम्हाला बॅटरी हवी होती.

बाभळीसारख्या कठीण लाकडात आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, मगच स्क्रू पिळा, नाहीतर फळी चिरते. पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज मोठा असतो, कानात बोळे घाला. ड्रिल फिरत असताना हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात.

पैसे कुठून आणायचे? 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. 18 व्यवसायांत सुतारकाम आहे आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर आहे. चांगलं आहे. पण नियम वाचा. नोंदणी कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. काम करणारे दोघं, नोंद एकाची. म्हणजे पुन्हा 'कोयता'च की! ती एक जागा कुणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय नियमाची भाषा 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसायां'ची आहे. परंपरेने जिला करवतीजवळ येऊ दिलं नाही, तिने परंपरा आणायची कुठून? काम करणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद स्वतंत्र झाली पाहिजे, आणि नव्याने शिकलेल्या बाईलाही हत्यार मिळालं पाहिजे. ही मागणी आपण ग्रामसभेपासून लावून धरली पाहिजे.

शेवटी एक कबुली. हत्यारं आणली आणि आठवड्यात ड्रिल नाहीसं झालं. एकीचा मुलगा घेऊन गेला होता, दिवसाच्या मजुरीवर. "घरातलंच आहे ना," म्हणाला. त्याची आईही तेच म्हणाली. त्या रात्री गटात मोठं भांडण झालं, दोघी रडल्या, एक महिनाभर आली नाही. पण ड्रिल परत आलं. आता एक वही आहे. हत्यार कुणी नेलं, कधी आणलं, सही. आणि नियम असा की गटातली बाई हजर असेल तरच हत्यार चालणार, आणि खटक्यावर बोट तिचं असणार. गावातल्या पुरुषांना मदत करायची असेल तर स्वागत आहे. त्यांनी फळी धरावी.

परवा तो मुलगा आला होता. बिट बदलायचं कसं, ते आईला विचारत होता.

तुमच्या गटात कोणती हत्यारं आहेत, त्यांची बिलं कुणाच्या नावावर आहेत आणि ती चालवतं कोण? तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुढच्या बैठकीत मांडा आणि आम्हाला कळवा.