जुन्या मालमोटारीचे दिवे

शिवथर खोऱ्यातून वरंध घाटाने माल नेणाऱ्याने जुनी मालमोटार घेताना इंजिनाइतकेच पुढील दिव्यांकडे लक्ष द्यावयास हवे. दिवा मंद झाला की नवा बल्ब आणण्याची घाई होते. परंतु कोकणच्या पावसात दोष पुष्कळदा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून दिव्याच्या अर्थिंगला वेगळी तार जोडून पाहावी. प्रकाश वाढल्यास बल्ब निर्दोष समजून जोड घासून स्वच्छ करावा. फ्यूज वारंवार जळल्यास जाड तार घालू नये. त्याने गाडीस आग लागू शकते. दिवसा लागणाऱ्या दिव्यांवर रात्री विसंबू नये. त्यांबरोबर मागचे दिवे लागतातच असे नाही. दोष निघेपर्यंत गाडी रात्री घाटात नेऊ नये. एका खेपेचा तोटा भरून निघतो. गेलेला माणूस परत येत नाही.