खातं तुमचं, पैसा कुणाचा?

ओळखीचे कुणी म्हणतात, 'वहिनी, चार दिवस तुमच्या खात्यात पैसे ठेवू का?' भिडेपोटी आपण हो म्हणतो. पण एका महिन्यात १० लाखांवर रोख जमा झाली, की बँकेला ते दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवावंच लागतं. २००२ चा कायदाच तसा आहे. तुकड्या-तुकड्यांनी भरली, तरी बेरीज होतेच! शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खात्यात एकदम दोन-तीन लाख आले आणि दुसऱ्याच दिवशी काढले गेले, तर तेही 'संशयास्पद व्यवहार' म्हणून कळवलं जाऊ शकतं. तिथं रकमेची अट नाही. कळवल्याचं खातेदाराला सांगायची मात्र बँकेला सक्त मनाई. काउंटरवरचे साहेब नेहमीसारखेच हसतात. पुढं चौकशी निघालीच, तर पहिला प्रश्न वहिनींनाच विचारला जातो.