शेतावरचे कपडे वेगळे धुवा

मैत्रिणींनो, 2017 साली यवतमाळकडे कपाशी फवारताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. आपल्या जळगाव-धुळ्याकडेही घरात कुणाची ना कुणाची शेती असतेच. हे विष कातडीतूनही शिरते. पपई, लिंबं तोडताना फवारलेली पानं हाताला घासतात, अंश लागतो. किती लागला, ते मजुराच्या अंगावर कापडाचे तुकडे लावून, हात धुतलेलं पाणी तपासून मोजतात. रक्तातलं कोलिनेस्टरेझही बघतात. काही औषधांनी ते घटतं. पण पहिली तपासणी हंगामाआधी हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? तोडणीहून आलेली बाई त्याच लुगड्यात लेकराला पदराखाली घेते हो! आधी हातपाय साबणाने धुऊन लुगडं बदलावं. ते कपडे घरच्या धुण्यात कालवू नयेत, बादलीसुद्धा वेगळीच ठेवावी.