फावल्या वेळचे उद्योग : पांढऱ्या बैलाची सावली

श्रावण अमावास्येस पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जांब नदीवर गोटमार होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच सुमारास सौंसर-पांढुर्ण्याच्या प्रदेशात, नागपूर-वर्ध्याकडील चालीप्रमाणे, मुलांचा तान्हा पोळाही भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून मुले घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. हा बैल बहुधा पांढरा असतो. आणि घरी रंगविलेला पांढरा बैल पुष्कळदा चुन्याच्या ढेकळासारखा दिसतो. असे का व्हावे?

कारण सोपे आहे. तांबड्या वा हिरव्या रंगास उजळ करावयाचे तर त्यात पांढरा मिसळता येतो. पांढऱ्यास उजळ करण्यास मात्र जगात दुसरा रंग नाही. सर्वांगास शुभ्र रंग फासला की मग वशिंड व पोट, पाठ व पाय यांत भेद दाखविण्यास काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून पहिला नियम हा, की पांढरा रंग शेवटपर्यंत राखून ठेवावा.

रंगविण्यापूर्वी मुलास गोठ्यापाशी न्यावे. नागपूर, वर्धा व छिंदवाडा या मुलुखांत वाढलेली गवळाऊ जातीची गुरे पाहावीत. गाई बहुधा पांढऱ्या असतात; परंतु नराच्या मानेवर, वशिंडावर व मागील भागावर करडी झाक असते. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या जनावराच्या पोटाखालील सावली काळी नसते. मोकळ्या आकाशाखाली ती किंचित निळसर असते, आणि तांबड्या मातीचा उजेड खालून उसळत असेल तर त्यात तांबूस छटाही येते.

आता कृती. लाकूड काचकागदाने घासून पुसून घ्यावे. अस्तर फिक्या राखाडी रंगाचे द्यावे. काळे देऊ नये, कारण काळ्यावर पांढरा धरावयास अनेक हात द्यावे लागतात आणि जाड रंगाने कोरीव खाचा बुजतात. अस्तर वाळल्यावर त्याहून थोडा गडद करडा रंग पातळ करून खाचांत सोडावा व उंचवट्यांवरील रंग फडक्याने लगेच टिपून घ्यावा. या करड्यात निळ्याचा अगदी थेंबभर अंश असावा. दाट काळा वापरल्यास बैल मळका दिसतो.

तिसरा हात फिक्या, जवळजवळ पांढऱ्या रंगाचा. तो खाचा सोडून द्यावा. शुद्ध पांढरा शेवटी, आणि तोही फक्त वशिंडाच्या माथ्यावर, पाठीच्या कण्यावर व कपाळावर. प्रत्येक हात पातळ असावा आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. मधून मधून बैल हातभर अंतरावर धरून पाहावा. शिंगे तांबडी व झूल गडद रंगाची असली की शेजारचा पांढरा आपोआप अधिक शुभ्र भासतो.

हाच नियम दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीच्या शिपायास लागू पडतो. त्याचे चिलखत पांढरे करावयाचे असेल, तर पत्र्यांच्या सांध्यांत तपकिरी-करड्या रंगाची बारीक रेघ ओढावी आणि प्रत्येक पत्र्याच्या वरच्या कडेवर तेवढा शुद्ध पांढरा ठेवावा. चिलखत कठीण असते, म्हणून त्याची छाया रेखीव हवी. कापड मऊ असते, म्हणून त्याची छाया विरत गेलेली हवी. नाताळच्या गव्हाणीतील देवदूताचा झगा व कोकरू रंगविताना हा भेद ध्यानी ठेवावा. कोकराच्या लोकरीस पिवळसर छाया शोभते.

शेवटी पालकांसाठी एक गंभीर सूचना. पूर्वी पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा घालीत. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक ठरलेले नाही. लहान मूल खेळणे तोंडात घालते, हे आपण जाणतोच. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून माळ्यावरील जुना डबा खेळण्यासाठी उघडू नये. शिसे नसल्याचे डब्यावर लिहिलेला, पाण्यात मिसळणारा रंगच घ्यावा. जुन्या खेळण्याचा रंग मुलाकडून घासून काढवू नये, कारण त्याची धूळही तितकीच घातक असते.

एवढी काळजी घेतली की कुंचला मुलाच्या हाती निश्चिंतपणे द्यावा. गोठ्यातील बैल त्याने नीट पाहिला असेल, तर सावली कोठे द्यावी हे त्यास फारसे सांगावे लागणार नाही.