घरची राख कीं दुकानचा पुडा ?

मोताळा तालुक्यांतील शेतकरी बियाणें, खत व फवारणी यांचा हिशेब पैपर्यंत मांडतो. परंतु घर, भांडीं व कपडे स्वच्छ ठेवण्यापायीं दरमहा किती रक्कम दुकानदाराकडे जाते, असें त्यास विचारलें असतां नेमकें उत्तर क्वचितच मिळेल. कपाशीचा पैसा हंगामास घरीं येतो; साबणाचा पुडा व फिनेलची बाटली यांचा खर्च मात्र बारा महिने चालू असतो. म्हणून हा विषय क्षुल्लक समजून केवळ बायकांवर सोपवावा असा नाहीं.

याविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, घरचें तें फुकट व निर्धोक. दुसरा म्हणतो कीं, विकत आणलेलें तेंच गुणकारी. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत. कोणतीही वस्तु निवडतांना तीन प्रश्न विचारावेत : रोख किती लागते, कष्ट कोणास पडतात, आणि धोका कोणता आहे ?

प्रथम घरच्या वस्तु पाहूं. पऱ्हाटीची अथवा लाकडाची राख लोखंडी व पितळी भांड्यांस उत्तम; तिच्यांतील क्षार तेलकटपणा काढतो व बारीक कण काळेपणा घांसून नेतात. तांब्यापितळेच्या डागांस चिंच किंवा लिंबू पुरेसें आहे. तीच आंबट वस्तु शहाबादी फरशीवर मात्र पडूं देऊं नये. ती फरशी चुनखडीच्या दगडाची असल्यानें आम्लानें झिजते. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे ज्यांस आपण जर्मनचीं म्हणतों त्या भांड्यांस सोडा लावल्यास तीं काळवंडतात. रेशमी व लोकरी कपड्यांस रिठा चांगला. दहाबारा रिठ्यांचीं टरफलें लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवून सकाळीं उकळावीं व तें पाणी गाळून घ्यावें. तें थोड्याच दिवसांत नासतें, म्हणून लागेल तेवढेंच करावें.

परंतु ‘फुकट’ हा शब्द जपून वापरावा. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरीं गॅस आला व चुलीबरोबर राखही कमी झाली. शिवाय राख चाळणें, रिठे फोडणें, पाणी उकळणें हीं कामें कोण करतें ? वेंचणीच्या दिवसांत जी स्त्री सकाळपासून कपाशींत उभी असते, तीच. दुसऱ्याच्या शेतांत तिनें वेंचलेला कापूस आपण तोलून घेतों व तिचे पैसे चुकते करतों. मग घरांत तिच्या तासाचें मोल शून्य कसें होतें? हें मोल धरल्यावांचून केलेला हिशेब खोटा होय.

घरीं साबण करण्याचेंही तसेंच. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें ज्या उद्योगांस उत्तेजन दिलें, त्यांत साबणही होता. आज मात्र प्रत्येकानें आंकडे मांडून पाहावे. एक किलो सरकीच्या तेलास सुमारें १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो व साबण सव्वा ते दीड किलो उतरतो. खाद्यतेलाचा व धुण्याच्या वडीचा किलोचा भाव बाजारांत विचारावा, म्हणजे विकत तेल आणून साबण करण्यांत बचत नाहीं, हें दिसून येईल. तळणाचें उरलेलें तेल सांठत असेल तरच हा उद्योग परवडतो. त्यांतही कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें.

आतां दुकानाकडे वळूं. भारतांत १९५९ सालीं सर्फची भुकटी आली. १९६९ सालीं अहमदाबादेंत करसनभाई पटेल यांनीं निरमा काढली व ती सर्फच्या सुमारें चौथाई भावानें विकली. तिच्या घडणींत सोडा ॲशचा वांटा मोठा होता, हें तिच्या स्वस्ताईचें एक कारण. यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, साधा धुण्याचा सोडा पुष्कळ काम करतो. विहिरीचें पाणी जड असेल तर त्यांतील चुना साबणास बांधून टाकतो व फेस येत नाहीं. अशा पाण्यांत आधीं थोडा सोडा विरघळवून मग सुती कपडे घातल्यास साबण कमी लागतो. ओट्यास एक, फरशीस दुसरी, भांड्यांस तिसरी अशा रंगीत बाटल्यांचा गाभा बहुधा सारखाच असतो. किंमत रंगाची व वासाची पडते.

कांहीं ठिकाणीं मात्र काटकसर करूं नये. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं, हें कपाशी पिकविणाऱ्या कोणासही विसरतां येणार नाहीं. फवारणीचे कपडे राखेनें किंवा रिठ्यानें धुवूं नयेत. ते घरच्या कपड्यांपासून वेगळे ठेवून, हातमोजे घालून, विकतच्या भुकटीनें व गरम पाण्यानें धुवावेत. विहिरीवर किंवा नाल्यावर नेऊं नयेत. औषधाच्या रिकाम्या डब्यांत साबण अथवा फिनेल भरूं नये. ब्लीचिंग पावडर व संडासाचें ॲसिड कधींही एकत्र करूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

तात्पर्य, घर विरुद्ध दुकान हा वादच चुकीचा आहे. भांड्यांस घरीं असेल ती राख व चिंच, सुती कपड्यांस सोडा व स्वस्त साबण, फवारणीच्या कपड्यांस चांगली भुकटी, आणि बाकीच्या बाटल्यांस रजा, एवढ्यांत साधारण कुटुंबाचें भागावें. वाचकबंधूंनीं एक महिना हा खर्च वहींत लिहून ठेवावा, त्याशेजारीं या कामीं गेलेले तासही मांडावेत, आणि जिचे ते तास आहेत तिला विचारूनच निर्णय करावा.