वाटेत वाई

गेल्या जानेवारीत ऑफिसातल्या एका मित्राला सहज सांगितलं, "रविवारी वाईला जातोय." त्याचा पुढचा प्रश्न तयार होता, "आणि पुढे? पाचगणी की महाबळेश्वर?" म्हटलं, पुढे कुठेच नाही, वाईलाच. "अख्खा दिवस? आहे काय तिथे बघायला एवढं?"

त्याच्यावर चिडायचा मला फारसा हक्क नाही. मीही पंधरा-वीस वर्षं हेच करत आलो. पुण्याहून निघायचं, सुरूर फाट्याला वळायचं, ढोल्या गणपतीपाशी गाडी वाकडीतिकडी लावायची, चपला काढायच्या, हात जोडायचे, एक फोटो, आणि पसरणीचा घाट लागायच्या आत स्ट्रॉबेरी क्रीम कुठे खायचं यावर चर्चा. पंचवीस मिनिटं फार तर. आणि घरी आल्यावर सांगायचं, "वाटेत वाई पण केलं."

या "केलं"चाच मला राग यायला लागलाय. गाव काय इस्त्रीचे कपडे आहेत, जाता-येता उरकायला?

त्या पंचवीस मिनिटांत देवळाच्या मागे कुणी जात नाही. मीही कधी गेलो नव्हतो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं ते कृष्णेच्या अगदी घाटावर, आणि पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली. पुढून कितीही फोटो काढा, हे कळत नाही. मागे जाऊन पायरीवर बसावं लागतं. मी बसलो. खाली धुणं चाललं होतं, पलीकडे कुणाचा तरी दहावा चालला होता, आणि दोन पोरं पाण्यात दगड मारत होती. नदीला पाणी बेताचंच, वर धोमचं धरण आहे ना.

मग नुसता चालत सुटलो. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह. प्रत्येक आळीला स्वतःचा घाट, आणि त्या घाटावर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. १९७६ साली पहिला खंड आला तेव्हापासून विसाव्या खंडापर्यंतचं एवढं मोठं काम मुंबई-पुण्यात नाही, या तालुक्याच्या गावात झालं. कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले, प्राज्ञपाठशाळेत घडलेले. विनोबासुद्धा तरुणपणी या पाठशाळेत शिकून गेले. हे सगळं मी शाळेत पाठ केलं होतं बहुतेक, आणि तरी दर वेळी क्रीम खायला वर जात होतो!

दुपारी मधल्या आळीत एका जुन्या वाड्यापाशी रेंगाळलो. ओट्यावर एक आजोबा बसले होते. त्यांनी वर-खाली पाहून विचारलं, "शूटिंगवाले का?"

प्रश्न रास्त होता. 'गंगाजल'मध्ये वाई बिहार झाली, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश. शेजारच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये झळकला, तेव्हापासून लोक तिथे शाहरुख कुठे उभा होता ते विचारतात. नाना फडणविसांचा वाडा तिथेच आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर आलेली पोर्तुगीज घंटाही तिथेच टांगलेली आहे, बाळाला घेतलेल्या मेरीच्या आकृतीसकट. पण नानांबद्दल विचारणारे कमीच. वाईला तिच्या नावानं कुणी विचारत नाही, तिला कायम दुसऱ्याच गावाचं सोंग घ्यावं लागतं.

असो. शूटिंगवाला नाही म्हटल्यावर आजोबांनी चहा पाजला. वाड्यात सात हिस्सेदार. पाच पुण्या-मुंबईत. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वासे पाहायचे, आणि आता हे काम जाणणारा माणूसही मिळत नाही. मी अर्थातच म्हणालो, "पण हे टिकायला हवं हो." ते हसले. "ते पाच जण पण गणपतीत येऊन हेच सांगतात. विकू नका, जुनं आहे. आणि संध्याकाळी जातात."

मी गप्पच झालो. कारण आपणही त्यातलेच. एखादा वाडा पडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली की आपण हळहळतो, जुने फोटो एकमेकांना पाठवतो, गावातल्या लोकांना काही किंमत नाही म्हणून मोकळे होतो. गळतं छप्पर त्यांचं आणि हळहळ आपली. ज्या गावाला आपण आयुष्यात एक अख्खा दिवस दिला नाही, तिथं जेवलो नाही, चार पैसे खर्च केले नाहीत, तिथल्या माणसानं आपल्यासाठी कौलं चाळत बसावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

तुम्ही म्हणाल, म्हणूनच पर्यटन वाढवायला पाहिजे. रोषणाई करा, सेल्फी पॉइंट करा, बघा लोक कसे थांबतात. मला नाही पटत. मग पंचवीस मिनिटांची चाळीस होतील, एवढंच. घाट बांधले ते धुण्यासाठी, स्नानासाठी, दहाव्यासाठी, उत्सवासाठी. तिथे बसून राहायला तिकीट लागत नाही आणि पॉइंटही लागत नाही. लागते ती सवड, आणि ती सरकारनं द्यायची नसते.

माझा त्या दिवसाचा खर्च, एसटी सोडून, दोनशे ऐंशी रुपये झाला. मिसळ, चहा, दुपारचं ताट, मेणवलीची रिक्षा. त्यानं कुणाचा वाडा वाचणार नाही, हे मलाही कळतं.

हिवाळा सरताना कृष्णाबाईच्या उत्सवाला परत जायचं ठरवलं होतं. मित्रालाही विचारलं. तो म्हणाला, त्याच सुमाराला महाबळेश्वरचं बुकिंग आहे, पण वाटेत थांबू या की.